आईचे हात मावतील असा कॅमेरा

२ मार्च

बारक्या,

तुझं पत्र पोचलं. पत्र कसलं, नोटीसच ती. ‘एप्रिलअखेर कंपनी मला आणखी लांब पाठवतेय. नवा पत्ता कळवीनच असं नाही.’ अरे, घर सोडणारा भाडेकरूसुद्धा घरमालकाला याहून गोड लिहितो!

आणि खाली ती ओळ. ‘आई बोलावते, आई बोलावते असं तू दर पत्रात लिहितेस. हे आई म्हणते की तू? मधला माणूस काय काय करतो ते मला चांगलं माहीत आहे. मीही तेच केलंय.’

राग आला मला. दिवसभर दवाखान्यात लोकांना दातांच्या वेळा देत होते आणि मनात तुला फाडून खात होते. एका आजोबांना दाढ काढायला रविवारी बोलावून बसले. रविवारी आमचं दार बंद असतं.

संध्याकाळी राग उतरला, तेव्हा वाटलं, काय चुकलं त्याचं? आईला आकडे येतात, पडद्यांची मापं येतात, त्यापुढे लिहिणं नाही. फोनचा तिला उपयोग नाही. तिचं जे काही तुझ्यापर्यंत पोचतं ते माझ्या हातून. मी एकदाही खोटं लिहिलेलं नाही, पण तुला ते कसं कळणार? दुधाने तोंड पोळलंय तुझं.

तो दिवस मी विसरलेले नाही. बाबा इस्पितळात होते. डॉक्टरांचं बोलणं आईला हातांनी तूच सांगायचास, कारण तुझे हात माझ्यापेक्षा सफाईदार. अवघड काही सांगायचं असलं की आधी नाकातून फुसकन श्वास सोडायचास, ती तुझी लहानपणापासूनची खोड. डॉक्टर म्हणाले, आता फार वेळ उरलेला नाही. तुझ्या हातांनी सांगितलं, पुढच्या आठवड्यात घरी सोडतील. तेव्हा तो श्वास काही ऐकू आला नाही. आई बिचारी खूश होऊन घरी आली, बाबांच्या खोलीला नवे पडदे शिवायला बसली, आणि ती मशीनवर असतानाच बाबा गेले.

मग तिने दारात उभं राहून तुझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. ऐकू न येणाऱ्या बाईने डोळे मिटले की समोरच्याचं बोलणंच खुंटलं. तू हात हलवत राहिलास, हलवत राहिलास, आणि शेवटी बॅग भरलीस.

आता नीट वाच. आईचे हात कापायला लागलेत. मागच्या पत्रात ‘थोडं कापतात’ असं लिहिलं होतं, ते थोडं राहिलेलं नाही. सकाळच्या गोळीनंतर थोडा वेळ बोटं मोकळी होतात, तेवढ्यात ती बोलते. नंतर तिचं बोलणं मलाही लागत नाही. डॉक्टर म्हणतात, हा मोकळा वेळ आकसत जाणार. म्हणजे काय ते तूच समज. तिची जीभ बोटांत आहे.

म्हणून मी ठरवलंय, व्हिडिओ कॅमेरा घ्यायचा. नवा, डिजिटल. आई समोर बसेल, तुझ्याशी बोलेल, तू बघशील. मध्ये मी नाही. तुझ्याकडे काय लावता येतं ते ताबडतोब कळव.

ताई


१३ मार्च

बारक्या,

पोस्टकार्ड मिळालं. ‘डिस्क चालेल. कॅसेट चालणार नाही. आईने काय बोलायचं ते तू सांगायचं नाहीस, आणि तू ते बघायचं नाहीस.’ बरं बाबा! कोर्टाचा हुकूमनामा परवडला. कबूल.

कॅमेऱ्याचं म्हणशील तर तुझ्या भाऊजींच्या अंगात आलंय. जेवताना माहितीपत्रकं, झोपताना माहितीपत्रकं. जन्मात साधा फोटो सरळ काढला नाही, आमच्या लग्नानंतरच्या सगळ्या फोटोंत माझं डोकं कापलेलं आहे, आणि आता मला पिक्सेल शिकवतात. कॅसेटवाल्याचं चित्र सर्वांत स्वच्छ. डिस्कवाल्याची डिस्क काढून थेट लिफाफ्यात घालता येते. कार्डवाला सर्वांत लहान, पण त्यासाठी कॉम्प्युटर हवा. मी म्हटलं, लिफाफ्यात जातो तो घ्या, विषय संपला. तर म्हणे, थांब, दोन महिन्यांत नवीन मॉडेल येतंय.

दोन महिने! मी ताट सरकवून उठलेच. आईचे हात काय नवीन मॉडेलची वाट बघत थांबणार आहेत?

काल दोघं दुकानात गेलो. तिथला माणूस कानावर पेन खोचून आला आणि सुरूच झाला. झूम एवढा की समोरच्या गच्चीवरच्या बाईची नथ दिसेल. मी म्हटलं, मला कुणाची नथ बघायची नाही. तर म्हणे, आवाज ऐका, दोन्ही बाजूंचा वेगळा येतो, वर जास्तीचा माइक बसतो. म्हटलं, आवाज नको मला.

“नको म्हणजे? आवाजाशिवाय व्हिडिओ म्हणजे काय हो मॅडम?”

“आमच्या घरात आवाजाने काही होत नाही. मला माणसाचे हात दिसायला हवेत. डोक्यापासून कमरेपर्यंत, आणि दोन्ही कोपरं पसरली तरी मावायला हवेत. भराभर हलले तरी पुसट व्हायला नकोत. आणि आमची खोली लहान आहे, मागे सरकायला भिंत लागते.”

त्याने कानावरचं पेन काढलं, पुन्हा खोचलं. सगळे कॅमेरे लांबचं जवळ आणायची बढाई मारतात, जवळचं सगळं मावेल असा मागणारी मीच पहिली असावी. मग त्याने खरा मुद्दा सांगितला. घरातल्या पिवळ्या दिव्याखाली हात हलले की कोणत्याही कॅमेऱ्यात थोडे फाटतात, एकात कमी, एकात जास्त. कोणता चालेल ते ज्याला वाचायचंय त्यानेच बघून सांगावं.

म्हणजे आईने. हातच्या कांकणाला आरसा कशाला, आईलाच घेऊन जाते. सकाळी, गोळी दिल्यावर.

ताई


२० मार्च

बारक्या,

घेतला एकदाचा. पण तो दिवस कसा गेला ते ऐक.

गोळी देऊन आईला रिक्षाने दुकानात नेलं. रिक्षात बसल्यापासून माझं सगळं लक्ष तिच्या बोटांकडे. सिग्नलला थांबलो तर मी त्या लाल दिव्याला शिव्या देत होते. भाऊजी म्हणाले, दिवा तुझ्यासारखाच आहे, वेळ झाल्याशिवाय हलत नाही.

दुकानात आईने पेनवाल्याकडे एकदा बघितलं आणि लगेच त्याचं नाव ठेवून टाकलं, कानाजवळ बोट आडवं. त्याला वाटलं, ऐकू येत नाही असं सांगतेय. मान डोलावून मोठ्याने ओरडून बोलायला लागला बिचारा.

आधी डिस्कवाला. मी आईला म्हटलं, काहीतरी बोल, बघू. आईने विचारलं, काय बोलू? म्हटलं, काहीही. तिने आज नळाला पाणी उशिरा आलं ते सांगितलं. मोठ्या टीव्हीवर लावून दाखवल्यावर तिने नाक मुरडलं. हात ठीक, म्हणाली, पण मी किती म्हातारी झाले! मग त्याने कॅमेऱ्याचा छोटा पडदा तिच्याकडे वळवला. स्वतःलाच समोर बघून ती हरखली, केस सारखे केले. तू असतास तर तिला चिडवलं असतंस.

मग त्याने कॅसेटवाला काढला. मी तेव्हा गल्ल्याशी भांडत होते, बॅटरी एकच देतात म्हणून. त्यामुळे तो कॅमेरा धरला भाऊजींनी. त्यांना आपल्या भाषेतल्या चारच खुणा येतात, जेवण, चहा, झोप आणि चूक. ‘चूक’ माझ्यामुळे शिकले. आई त्यांच्यासमोर उभी राहिली आणि बोलायला लागली. दुकानात चारपाच गिऱ्हाइकं होती, ती टकमक बघायला लागली. आई थांबेना.

मी मुद्दाम बघितलं नाही, शप्पथ. डोळ्याच्या कोपऱ्यातून दोन खुणा दिसल्या, त्याला माझा इलाज नाही. हनुवटीवर दोन बोटांची टकटक, म्हणजे तुझं नाव, जिन्यावरून पडून हनुवटी फोडून घेतलीस तेव्हापासूनचं. आणि मग ओठांवरून आडवं ओढलेलं बोट. म्हणजे खोटं.

मी लगेच पाठ फिरवली.

भाऊजी म्हणाले, चित्र फार सुरेख, पण कॅसेट त्याला चालत नाही ना? मग डिस्कवालाच घेतला. आईचे हात तोवर कापायला लागले होते. परत येताना तिने ते दोन्ही मांडीखाली दाबून धरले होते.

उद्या सकाळी घरी बसवते तिला. मी खोलीत थांबणार नाही, बटण दाबून बाहेर.

ताई


२४ मार्च

बारक्या,

काही जमत नाहीये. तुला सांगू नये असं वाटत होतं, पण मग मी मधला माणूसच ठरेन.

पहिल्या दिवशी आईला खिडकीसमोर बसवलं, बटण दाबलं, दार ओढून घेतलं. लगेच दार उघडून आई बाहेर. झालं, म्हणाली. मी आत जाऊन डिस्क लावली, तू ओरडशील, पण रेकॉर्ड झालंय की नाही एवढंच बघायला. आई पासपोर्टच्या फोटोसारखी ताठ बसलीय. ‘मी बरी आहे. तू बरा राहा. वेळेवर जेव.’ संपलं.

एवढ्यासाठी का मी हा सगळा खटाटोप केला? मी चिडले. म्हटलं, आई, त्याच्याशी बोल, मनातलं बोल. ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मलाच काही कळत नाहीये.

दुसऱ्या दिवशी गोळीचा गुणच उशिरा आला. तिसऱ्या दिवशी तिच्या हातांतून शब्द सुटे येत होते, अर्धे. मी ‘पुन्हा सांग’ म्हटलं आणि तिने मला फटकारलं. कापऱ्या हातांनी, पण स्वच्छ कळलं मला.

“बोलले मी त्याच्याशी. सगळं बोलले. तिकडे, दुकानात. तो पोटवाला धरून उभा होता तेव्हा. टीव्हीवर दिसले पण. तेच तेच पुन्हा कशाला?”

पोटवाला म्हणजे भाऊजी.

बारक्या, तिला वाटलं ते खरंच तुझ्यासाठी होतं! मी तिला ‘बघू’ म्हटलं, ‘तपासू’ असं समजावलंच नाही. तिच्या दृष्टीने समोर कॅमेरा आला, आपलं बोलणं न कळणारा जावई मागे उभा राहिला, मध्ये मी नाही, म्हणजे हीच बोलायची जागा. तिने जे सांगायचं ते सांगून टाकलं. दुकानातल्या नमुन्याच्या कॅसेटवर. ती कॅसेट संपली की मागे गुंडाळतात आणि पुढच्या गिऱ्हाइकाचं चित्रण त्यावरच करतात.

आणि आता तिचे हात ते परत सांगू शकतील असं मला वाटत नाही.

दवाखान्यात फोन करून सांगितलं, आज येत नाही. दुकान उघडायच्या आत दारात उभी राहते.

ताई


२४ मार्च, दुपार

सकाळचं पत्र अजून पेटीत टाकलेलं नाही, त्याच्याच मागे लिहितेय. घाईत आहे, अक्षर सांभाळून घे.

दुकान उघडलेलंच होतं. आत एक नवराबायको, नवीनच लग्न झालेले दिसत होते. त्याने कॅमेरा धरलेला, ती समोर गिरक्या घेतेय, ओढणी उडवतेय. कॅमेरा कोणता? तोच. कॅसेटवाला.

“थांबा! बंद करा!” मी एवढ्या मोठ्याने ओरडले की ती मुलगी गिरकी अर्धी टाकून खुर्चीवर बसली.

पेनवाला धावत आला. मी काय बोलले ते मलाच आठवत नाही. आई, हात, कॅसेट, भाऊ, असं सगळं एकात एक. तो म्हणाला, मॅडम, श्वास घ्या. त्याने कॅसेट थांबवली, मागे घेतली आणि टीव्हीवर लावली. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. तुला वचन दिलंय ना.

“काय दिसतंय?” मी विचारलं.

“ह्या ताई नाचताहेत.”

“त्यापुढे?”

“अजून नाचताहेत.”

त्या नवऱ्याला हसू आलं. मला त्याचा गळा धरावासा वाटला.

“आता टेबलावरचा पंखा, कुणा काकांनी शूट केलेला. मग कोण... पंखाच आहे अजून. थांबा. आता तुमच्या आई.”

“पहिल्यापासून? त्यांनी तोंड उघडलं... म्हणजे हात उचलले, तिथपासून आहे का?”

त्याने कॅसेट जरा मागे घेतली. “हात खाली आहेत, मग उचलतात. हो, पहिल्यापासून आहे. गिरक्या आणखी दोनचार झाल्या असत्या तर गेलं असतं बघा.”

मला रडू फुटलं रे. भिंतीवर त्यांचं मोठ्या अक्षरांतलं पोस्टर होतं, ‘आठवणी जपा’, त्याच्यावर डोकं टेकून रडले. त्या नाचणाऱ्या मुलीने मला पाणी आणून दिलं.

मग कॅसेटवरून डिस्क करून दिली त्याने. ते पूर्ण चालवावं लागतं, तेवढा वेळ मी पाठ करून बसले. तो बघत होता, पण त्याला एक अक्षर कळत नव्हतं. मधला माणूस असावा तर असा.

डिस्क पाकिटात घालताना तो म्हणाला, “शेवटी तुमच्या आईंनी पुढे येऊन काचेला हात लावला होता. बोटांचे ठसे उमटले होते, मीच पुसले नंतर. कॅमेरा खराब झाला म्हणून त्या दिवशी मला राग आला होता.”

“रागाने लावला की कसा?” मी विचारलं. विचारायचं नव्हतं, पण तोंडातून निघून गेलं.

“आता ते मी कसं सांगू?” तो म्हणाला.

बरोबरच आहे. त्याने कसं सांगावं?

तर बारक्या, डिस्क या पाकिटात आहे. मी पाहिलेली नाही. मला त्यातल्या दोनच खुणा माहीत आहेत, तुझं नाव आणि ‘खोटं’. आईने तुला माफ केलंय की तुझी सालटी काढलीयत, मला ठाऊक नाही. खरं सांगू, पाकीट चिकटवताना दोनदा वाटलं, आधी बघून घ्यावं. वाईट असेल तर पाठवूच नये, सरळ सांगावं की कॅसेट पुसली गेली. तुला कधी कळलंही नसतं. इस्पितळाच्या त्या व्हरांड्यात तुझे हात कसे वळले असतील ते आज मला समजलं.

पण पाकीट बंद केलंय. जे असेल ते तुझं आणि तिचं.

ताई


१४ एप्रिल

बारक्या,

तुझं काही नाही. डिस्क पोचल्याची पावती पोस्टातून आली, सही तुझीच आहे. म्हणजे तुझ्याकडे आहे ती. पाहिलीस का?

आई रोज पोस्टमन यायच्या वेळेला खिडकीत बसते. काही विचारत नाही. काल मी म्हटलं, कामात असेल तो. तिने माझ्याकडे पाहिलं आणि ओठांवरून बोट आडवं ओढलं.

सकाळच्या गोळीनंतर आता तिचं एखाददुसरं वाक्य निघतं. बाकी सगळं मानेने आणि डोळ्यांनी चालतं. भाऊजी तिच्यासाठी पाचवी खूण शिकलेत, ‘थांब, मी आलो’. ते पाणी आणायला गेले तरी करून जातात.

शिव्या द्यायच्या असतील तर दे, पण पाठव काहीतरी. तिचे डोळे अजून चांगले आहेत.

ताई


२७ एप्रिल

बारक्या,

आली तुझी डिस्क. पाकिटावर तू लिहिलंयस, ‘फक्त आईसाठी’. कळलं हो, कळलं.

सकाळी गोळी दिली, टीव्ही लावला, आईला समोर बसवलं, पहिलं चित्र येईपर्यंत थांबले आणि बाहेर आले. त्या एका क्षणात तू दिसलास. केवढा वाळलायस! दाढी तुला शोभत नाही, पण हनुवटी झाकली जाते, त्यासाठीच ठेवली असशील. एवढं दिसलं, त्याबद्दल माफ कर.

स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहिले. भाऊजी माझ्या शेजारी. भिंतीपलीकडे टीव्ही चालू. आईला आवाजाचं काय, त्यामुळे आमच्या टीव्हीचा आवाज कोणी कधी कमी करतच नाही. आणि तू कॅमेऱ्याचा आवाज बंद करायला विसरलायस.

आधी खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग बाह्यांची सळसळ. मग बराच वेळ काहीच नाही, आणि माझ्या मनात आलं, आता हा कॅमेरा बंद करून निघून जाईल, याचं काही खरं नाही. भाऊजींनी माझा हात धरला.

मग तू नाकातून श्वास सोडलास. फुसकन. अगदी तोच.

बारक्या, मी ओट्याची कड धरली. त्यानंतर तुझे हात काय बोलले ते मला ठाऊक नाही, आणि नको. तळव्यावर तळवा आपटल्याचा आवाज आला, छातीवर मूठ बसल्याचा आला. मध्येच तू दाढीवर टकटक केलीस, तेही आलं. आणि मग आई हसली. तिला स्वतःचं हसू ऐकू येत नाही, म्हणून ती हसते तेव्हा केवढं मोठं हसते ते आठवतं ना तुला? बाबा गेल्यापासून या घरात ते हसू नव्हतं. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी जिन्यातून हाक मारून विचारलं, सगळं ठीक आहे ना?

आई बाहेर आली. मी विचारलं, काय म्हणाला?

“तुला काय करायचंय?” आईने विचारलं. हात कापत होते, पण चेहरा असा चकचकीत!

मग टेपपट्टी घेऊन ती तुझ्या जुन्या खोलीत गेली आणि मला खुणेने बोलावलं. खिडकीचं माप मीच घेतलं, तिच्या हातात पट्टी राहत नव्हती. पडदे मलाच शिवायला सांगितलेत. माझी शिलाई तुला माहीत आहे, वाकडी येणार, तेव्हा आल्यावर नावं ठेवायची नाहीत.

आणि आलास की त्या दुकानात जाऊ एकदा. पेनवाल्याला सांगायचंय, आवाज चांगला येतो.

ताई